दाबून धरायचं अक्षर

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मालवणजवळच्या देवबागातलं एक घर, दुपार कललेली. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आजी सुपारी कातरत बसली होती आणि शेजारी तिचा नातू, मुंबईहून सुट्टीला आलेला, आठ-नऊ वर्षांचा. आजीला अक्षरओळख नाही. त्यामुळे वाडीच्या ग्रुपवर काही आलं की फोन पोराच्या हातात जातो. त्या दुपारी आलेला संदेश त्याने बोट ठेवत ठेवत वाचला: ‘उद्यापासून वार्याचा जोर वाढणार आहे. किनार्यावरच्या होड्या वर ओढून घ्याव्यात. तिसर्या काढायला खाडीत कोणी जाऊ नये.’ समोर होतं तेच तो वाचत होता. सूर्यातला, कार्यातला रफार म्हणतात तसा, मागच्या अक्षरावर चांगला जोर देऊन. आजीचा अडकित्ता थांबला. “काय काढूक जाव नको म्हणता तो?” पोराने पुन्हा वाचलं, ‘स’वर आणखी जोर देऊन. आजीने जरा विचार केला आणि म्हणाली, “तसला काय नसता हय.”

आणि ही बाई लग्न होऊन आल्यापासून कर्लीच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे वाळूतल्या शिंपल्या, काढते आहे.

पोर चुकलं नव्हतं, शाळेत शिकवलेलं त्याने प्रामाणिकपणे म्हटलं. आजीही चुकली नव्हती. तिच्या कानाला ‘तिसऱ्या’ हा शब्द हलका माहीत आहे, जिभेवरून सहज घसरणारा. खरं तर हा शब्द वाचण्यासाठी नव्हताच कधी. तो पायाच्या बोटांचा शब्द आहे. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की गुडघाभर पाण्यात उभं राहून वाळूत पाय फिरवायचे, टणक लागलं की वाकून उकरायचं, टोपलीत टाकायचं. घरी आणून मिठाच्या पाण्यात ठेवल्या की त्या पोटातली वाळू सोडतात. मग आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, एकेक उघडायची, मांस एकाच शिंपेत राहील अशी, आणि रिकामी शिंप टाकून द्यायची. म्हणून त्या कालवणाचं नाव एकशिपी. ह्या सगळ्यात अक्षर कुठे येतच नाही. बाजारातही तिसऱ्या वाट्यावर विकतात, समोरचा ढीग हीच पाटी. इतकी वर्षं कानाकानाने आलेला शब्द फोनवर पहिल्यांदा अंगठ्याच्या तावडीत सापडला, आणि तिथे त्याचं एक अक्षर बदललं.

ते कसं बदललं, हे जवळून बघण्यासारखं आहे. संगणक आणि फोन प्रत्येक अक्षर एका ठरलेल्या क्रमांकाने ओळखतात, तोच त्याचा संकेत. या क्रमांकांच्या यादीत, म्हणजे युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात, ही अक्षरं एका रांगेत राहतात: ०९३० हा र, ०९३१ हा ऱ, ०९३२ हा ल आणि ०९३३ हा ळ. ‘तिसर्या’ आणि ‘तिसऱ्या’ या दोन्हींना सात-सातच संकेत लागतात. त, वेलांटी, स, मग र किंवा ऱ, मग हलन्त, य आणि काना. लांबी तीच, फरक एका अंकाचा. संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर र आहे ‘जे’च्या बटणावर, आणि ऱ त्याच बटणावर शिफ्ट धरून. ल ‘एन’वर, ळ शिफ्ट धरून ‘एन’वर. न ‘व्ही’वर, ण मात्र शिफ्ट धरून शेजारच्या ‘सी’वर. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी चालावी म्हणून तो कळफलक तसा बसवला गेला, त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण मराठीला मराठीपण देणारी अक्षरं अशी वरच्या मजल्यावर गेली. फोनवर शिफ्टच्या जागी दाबून धरणं आलं. बहुतेक कळफलकांत र दाबून धरला की ऱ वर उघडतो, मग हलन्त, मग य. फोन नवा घेतला की पुष्कळदा हिंदीचा कळफलक आधी हाताला लागतो आणि तोच चालू राहतो. त्यात ळ शोधावा लागतो, ऱ तर आणखी आत. इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी करून देणारा कळफलक वापरला, तर वरच्या पट्टीत दोन-तीन पर्याय येतात आणि घाईतला अंगठा पहिल्यावर पडतो. एकदा पडला की कळफलक ते शिकतो. पुढच्या वेळी तोच शब्द पुढे करतो, आणि माणसाला वाटतं, फोन सांगतोय म्हणजे बरोबरच असणार. हा घेतलेला धडा फोनला विसरायला लावता येतो. पट्टीतला चुकीचा शब्द दाबून धरायचा आणि वर दिसणाऱ्या कचऱ्याच्या टोपलीत नेऊन सोडायचा. दोन सेकंदांचं काम आहे, पण ते माहीत असलेला माणूस वाडीत एखादाच.

दाबून धरावं लागतं ते अक्षर आधी सुटतं.

याहून त्रासाची गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. कितीतरी जुन्या मजकुरात आणि काही जुन्या टंकनपद्धतींत ऱ हा स्वतंत्र क्रमांकाने येत नाही. तिथे साधा र असतो, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग य. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही ‘किनाऱ्यावर’ सारखेच दिसतात. आत मात्र एकात १० संकेत आहेत आणि दुसऱ्यात ११. फाइलीत एक शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. आणि मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ते न दिसणारं चिन्ह काही ठिकाणी कचरा समजून गाळलं जातं. मग लिहिणाऱ्याने शुद्ध लिहिलेली सूचना तिसऱ्या-चौथ्या हाती पोचेपर्यंत रफाराची होते आणि दोष लिहिणाऱ्याच्या माथी बसतो. खळ्यातल्या त्या संदेशाचंही असंच झालं असेल का, कोण जाणे. म्हणून आता नव्याने लिहिताना ०९३१ चाच ऱ वापरावा, जोडचिन्हाचा आधार घेऊ नये. पाटी रंगवणाऱ्याने, लग्नपत्रिका छापणाऱ्याने, ग्रामपंचायतीत सूचना टाइप करणाऱ्याने एवढं केलं, तरी अर्धं काम होईल.

कोणी म्हणेल, एवढ्याशा अक्षराचं काय घेऊन बसलात. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक सगळ्यांनी शाळेत घोकलेला आहे. दर्याच्या आणि दऱ्यांच्या देशात राहणाऱ्याला तो समजावून सांगायलाही नको. पण कोकणातल्या घरात एकदा फिरून या आणि मोजा. वाऱ्याशिवाय आणि किनाऱ्याशिवाय इथे वाक्य पुरं होत नाही. पिकल्या सुपाऱ्या, नारळाला बांधायच्या दोऱ्या, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले खिळे. देवळात घालतात ते गाऱ्हाणं. ळ तर सगळीकडे सांडलेला: नारळ, पोफळ, व्हाळ, मळब, आगळ, आंबोळी, शिरवाळे, कोळंबी, मासळी. आणि एक शब्द असा की त्यात ळ आणि ण दोन्ही आहेत, चार संकेतांत दोन वरच्या मजल्यावरचे. पुळण.

पुळण म्हणजे नुसता किनारा नव्हे. किनारा खडकाचाही असतो, चिखलाचाही असतो. पुळण म्हणजे लाटेने आणून पसरलेली, पाय रुतणारी, दुपारी तापणारी आणि संध्याकाळी पटकन निवणारी वाळू. रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, पुळणीवरच ओढतात, खडकावर नव्हे. इंग्रजी अक्षरांत लिहिली की ती ‘पुलन’ होते आणि वाचणारा अडखळतो, म्हणून लिहिणारा ती टाळतो आणि ‘बीच’ लिहितो. नकाशात बघा, तारकर्ली बीच, चिवला बीच. घरगुती खोल्या भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातीत ‘बीच टच’. येणाऱ्या पाहुण्याला कळावं म्हणून ते लिहितात, त्यांची चूक नाही. त्यांच्या घरातली म्हातारी मात्र अजून “पुळणीर वाळत घातलंय” असंच म्हणते. एका घरात दोन शब्द राहतात, एक पाहुण्यांसाठी आणि एक वाळवणासाठी. नकाशात जागेचं पान उघडून बदल सुचवता येतो, मराठी नाव भरता येतं, त्याला फार तर पाच मिनिटं लागतात. पाहुणा शोधतो म्हणून बीच भरणारे पुष्कळ आहेत. पुळण कोणी शोधत नाही म्हणून भरत नाहीत, आणि भरत नाहीत म्हणून ती कोणाला सापडत नाही.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची सवय लागली त्याला कारण होतं, हेही सांगायला हवं. साध्या मोबाइलच्या काळात एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं मावत, आणि देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०. त्या सत्तरात काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाची वेगळी मोजणी. ‘किनाऱ्यावर’ या एका शब्दातच १० जात, म्हणजे सातवा हिस्सा. उरलेल्यात माणूस काय निरोप देणार? वर समोरच्याच्या फोनवर चौकोनच दिसले तर पैसे फुकट. गरिबीच्या हिशोबातून लागलेली ती सवय फोन बदलले तरी गेली नाही. अशा लिखाणात ‘के, ए, एल’ एवढं आलं की तो काल आहे, कळ आहे, काळ आहे की कल, हे वाक्य संपेपर्यंत ताडत बसायचं. बाळंतिणीच्या घरून ‘कळ’ आली असा निरोप असेल, तर एवढा वेळ कुणाकडे असतो?

पण या किनाऱ्यावर रोमन अक्षरांतलं मराठी काही फोनने आणलेलं नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्याच्या साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. १०,००० च्या वर ओव्या, आणि छपाई रोमन अक्षरांत, कारण देवनागरी खिळे तिथे नव्हते. गोव्यात कोंकणीचं रोमन लेखन तिथून पुढे चालत राहिलं आणि आजही चालतं. त्या रोमी लेखनाने एक शहाणपण केलं आहे. ळ लिहायचा तर ‘एल’ दोनदा, ण लिहायचा तर ‘एन’ दोनदा. वाचणाऱ्याला ताडत बसावं लागत नाही, ल वेगळा आणि ळ वेगळा. मला याचा फार आदर वाटतो. लिपी परकी, पण ध्वनी सोडला नाही. आपण वीस-पंचवीस वर्षं इंग्रजी अक्षरांत निरोप धाडतो आहोत आणि आपल्याला एक जास्तीचा ‘एल’ दाबायचं सुचलं नाही.

परके शब्द आले म्हणून भाषा बिघडली, असं मला मुळीच वाटत नाही. हा किनारा उसन्या शब्दांवरच जगला आहे. दर्या फारसी, नाखवा फारसी, खलाशी अरबीतून आलेला. पगार, चावी, बादली पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरलेली. आज मालवणच्या धक्क्यावर बाई म्हणते, “माका ब्लॉक केल्यान,” “फोटो फॉरवर्ड केल्यान,” “स्टेटसार काय ठेवल्यान बघ.” त्यातलं ‘केल्यान’ आणि ‘ठेवल्यान’ बघावं. ब्लॉक आलं, फॉरवर्ड आलं, आणि मालवणीने त्यांना आपल्या क्रियापदात गुंडाळून खळ्यात बसवलं. भाषेच्या कण्यापर्यंत कोणी पोचलेलं नाही. बोलताना आणि लिहिताना माणूस वेगळा होतो, खरी फट तिथे आहे. तोच तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, व्हॉइस मेसेज पाठवतो तेव्हा अस्सल मालवणी असतो: वारा कसा, पाणी कसं, जाळ्यात पेडवे किती, इसवण किती. आणि तोच टाइप करायला बसला की ‘मित्रांनो’, ‘सर्वांना कळविण्यात येते की’. इसवणाची सुरमई होते, सुंगटांची कोळंबी होते, कुर्ल्यांचे खेकडे होतात. थोडी लाज, थोडी शाळा आणि बरीचशी ती वरची पट्टी, आणि ‘माका’ लिहिलं की खाली येणारी लाल रेघ. बोलून लिहायची सोय मराठीला २०१७ साली मिळाली. तीसुद्धा प्रमाण मराठीच ऐकते आणि न कळलेल्या शब्दाच्या जागी स्वतःला माहीत असलेला जवळचा शब्द बसवते.

ज्या शब्दाला यंत्रात जागा मिळते तो मात्र टिकतो. ‘वाव’ टिकला. दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर भरतं तो वाव, साधारण ६ फूट. आजही मच्छीमार १० वाव पाणी, १२ वाव पाणी असंच म्हणतो. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे मिळेल याचा जो अंदाज येतो त्यात खोली मीटरमध्ये असते, तर तो मनातल्या मनात हिशोब करून घेतो. बोटीवरच्या मासे शोधायच्या यंत्रात मीटर आणि फुटांबरोबर फॅदमचाही पर्याय असतो. फॅदम म्हणजेच आपला वाव, म्हणून तो एकदा लावून ठेवला की पडद्यावरचा आकडा आणि तोंडातला शब्द एकच होतात. सुकतीला आणि भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, अशी जागा मिळाली नाही. भरती-ओहोटीच्या ॲपमध्ये ‘लो टाइड’ आहे, तासमिनिटांसकट. पोरं तेच बघून जातात आणि वेळेत परतही येतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. उधाण आणि भांग यांतलं अंतर ज्याला चंद्र बघून कळायचं, तो माणूस तेवढा कमी होत जातो.

उलटंही घडतं. २०२१ च्या मे महिन्यात वादळ आलं त्याचं नाव म्यानमारने सुचवलेलं, त्यांच्या भाषेत मोठ्याने ओरडणारी पाल. उच्चार ताऊ-ते असा काहीसा. पण ते नाव किनाऱ्यावर पोचलं ते कानाने नव्हे, पडद्यावरच्या इंग्रजी अक्षरांनी. त्यात एक ‘के’ होता, म्हणून कुणी तौक्ते म्हटलं, कुणी तौकते, कुणी ताऊते. १६ मेला ते सिंधुदुर्गालगतच्या समुद्रातून उत्तरेला सरकलं, माड मोडले, कौलं उडाली, आणि आता त्याचं नाव तौक्तेच. “तौक्त्यात गेलो तो माड,” असं म्हातारी म्हणते तेव्हा तिने कधीच न पाहिलेली ती इंग्रजी अक्षरं तिच्या तोंडात असतात. डोळ्याने आलेला शब्द कान असा स्वीकारतो, आणि मग तो आपलाच होतो. म्हणूनच त्या दुपारचं इतकं लागून राहिलं. वादळाचं नाव वाचून शिकता येतं. पण जी तिसरी पायाच्या बोटांना ठाऊक आहे ती वाचून दाखवल्यावर ओळखू येऊ नये, आणि जिला ‘जाऊ नये’ म्हणून सांगायचं तिलाच निरोप कळू नये?

त्या संध्याकाळी ग्रुपवर तांडेलाचा आवाज आला. मागे लाटांचा गाज, कुणीतरी दोर ओढतानाचं हुश्श. “उद्यापासना वाऱ्याचो जोर वाढतलो आसा. होडी वर ओढून घेवा. आणि बायांनू, तिसऱ्यो काढूक खाडीत जाव नकात.” आजी ताडकन सरळ बसली. “तिसऱ्यो म्हण मा रे झिला!” पोराने तो आवाज पुन्हा लावला, मग दुपारचा संदेश वर सरकवून काढला आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिलं. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी पायरीवर बसली होती. तिने फोन घेतला, कळफलकाच्या सेटिंगमध्ये शब्दकोश उघडला, त्यात वैयक्तिक शब्दकोश, त्यात मराठी, कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह, आणि फोन परत पोराच्या हातात दिला. “र दाब. सोडू नको. धरून ठेव.” वर ऱ उघडला. पोराने तो घेतला, हलन्त, य, काना. शब्द जमा झाला. खाली छोट्या खुणेची जागा होती, तिथे त्याने इंग्रजीतलं एकच ‘टी’ टाकलं. पुन्हा अधिकचं चिन्ह दाबून तो आजीकडे वळला, “अजून सांग.” आजीने सुकती सांगितली, तिला काही धरावं लागलं नाही. मग मळब सांगितलं, ते त्याच्या फोनवर ल धरून निघालं. मग पुळण. तो प आणि उकारापर्यंत भरभर गेला, ळ साठी बोट टेकवून थांबला, तो आला. ण कुठे आहे ते तो शोधत होता, आणि आजी अडकित्ता बाजूला ठेवून त्याच्या बोटाकडे बघत होती.